एका गेटला किती माणसं लागतात? कॅम्पस-सुरक्षेच्या संशोधनावर एक आक्षेप

पेट (PET) झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, या टप्प्यावर असलेल्या बऱ्याच जणांना 'महाविद्यालयीन परिसरातील सुरक्षा : एक अभ्यास' असा विषय सोपा वाटतो. प्रश्नावली तयार असते. सुरक्षा रक्षक किती? सीसीटीव्ही किती? ओळखपत्र तपासतात का? विद्यार्थ्यांना सुरक्षित वाटतं का (1 ते 5)? शंभर-दोनशे फॉर्म भरून घेतले, टक्केवारी काढली, शेवटी शिफारस केली, 'रक्षकांची संख्या वाढवावी'. झाला प्रबंध.

माझा आक्षेप या साच्यावर आहे. आणि हा साचा विद्यार्थ्यांनी तयार केलेला नाही, तो वरून आला आहे. म्हणून या पोस्टमध्ये मूळ दस्तऐवजाचीच चिकित्सा करू : विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) 2015 मध्ये काढलेली, कॅम्पसवर आणि कॅम्पसबाहेर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं. ती बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यासारख्या गावात उभं राहून वाचायची. पुण्या-मुंबईत बसून वाचली की त्यातल्या बऱ्याच गोष्टी खटकतच नाहीत.

आधी शब्द नीट करू

इंग्रजी साहित्य वाचायला लागलात की 'कॅम्पस पोलीस' हा शब्द पावलोपावली येतो. अमेरिकेत त्याचा अर्थ शब्दशः पोलीस. 1894 मध्ये येल विद्यापीठासाठी न्यू हेवन शहराचे दोन पोलीस नेमले गेले, तिथून ही गोष्ट सुरू झाली असं मानतात. आज तिथली अनेक विद्यापीठं स्वतःचं पोलीस खातं चालवतात. अमेरिकी न्याय खात्याच्या 2011-12 च्या सर्वेक्षणात, 2,500 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या संस्थांपैकी सरकारी संस्थांत 92 टक्के ठिकाणी आणि खाजगी संस्थांत 38 टक्के ठिकाणी शपथबद्ध, म्हणजे अटकेचे पूर्ण अधिकार असलेले पोलीस होते. त्यामुळे 'हजार विद्यार्थ्यांमागे किती अधिकारी' हे गुणोत्तर त्यांच्याकडे अर्थपूर्ण ठरतं. त्यांचे विद्यार्थी मोठ्या संख्येनं कॅम्पसवरच राहतात, आणि अधिकारी म्हणजे खरोखर अधिकारी.

आपल्याकडे तसं नाही. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतला राज्य सूचीतला विषय. विद्यापीठ स्वतःचं पोलीस खातं काढू शकत नाही. कॉलेजच्या गेटवर उभा असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या-माझ्यासारखाच खाजगी नागरिक. त्याच्यासमोर गंभीर गुन्हा घडला तर तो आरोपीला धरू शकतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हा अधिकार गावातल्या किराणा दुकानदारालाही आहे. गणवेश घातला म्हणून त्यात काही वाढ होत नाही.

म्हणजे अमेरिकन गुणोत्तर उचलून आपल्या सिनॉप्सिसमध्ये टाकलं की पहिली चूक तिथेच होते. अंशात 'अधिकारी' नाहीत आणि छेदात 'निवासी विद्यार्थी' नाहीत. तरी गुणोत्तर मात्र आहे!

2015 चा दस्तऐवज काय म्हणतो

थोडक्यात सांगतो. विद्यार्थी शिकतात-राहतात त्या वास्तूला सहज चढता येणार नाही अशी भिंत असावी, वर काटेरी तार लावता येईल. प्रवेशद्वारं तीन किंवा त्याहून कमी असावीत, त्यांवर किमान तीन सशस्त्र रक्षक असावेत, एक तरी महिला रक्षक असावी. सीसीटीव्ही, अनोळखी माणसांची नोंदवही, बायोमेट्रिक हजेरी. शिवाय विद्यापीठाच्या आवारात पोलीस ठाणं असावं, हीसुद्धा सूचना. सोबत समुपदेशन, हेल्पलाइन, पालक-शिक्षक बैठका हेही आहे, ते विसरू नका.

आता गेटचं वाक्य पुन्हा वाचा. 'तीन किंवा कमी द्वारं, किमान तीन रक्षक.' तीन रक्षक प्रत्येक गेटवर, की सगळ्या गेटांवर मिळून? एका वेळी तीन, की पगारपत्रकावर तीन? वाक्यातून कळत नाही. तुम्ही म्हणाल, हा कीस पाडणं झालं. पण याच संदिग्धतेवर खर्च तिप्पट, चौपट, बारापट होतो. संशोधकानं कीस पाडायचा तो नेमका इथेच.

चला, गणित करू. शाळेतलंच आहे.

आठवड्याचे तास 168. एका माणसानं आठवड्याला 48 तास काम करायचं, ही कामगार कायद्यांतली रूढ मर्यादा. 168 भागिले 48 म्हणजे 3.5. त्यात रजा, आजारपण, सणवार धरा. म्हणजे एका जागी चोवीस तास एक माणूस उभा दिसायला हवा असेल, तर पगारपत्रकावर साधारण चार माणसं लागतात. एका गेटवर एका वेळी तीन रक्षक म्हणजे बारा माणसं. तीन गेट म्हणजे छत्तीस.

समजा एका रक्षकाचा महिन्याचा एकूण खर्च, पगार अधिक भविष्यनिर्वाह निधी वगैरे धरून, 20,000 रुपये आहे (हा आकडा फक्त गणितासाठी घेतला आहे). एका गेटचे बारा जण म्हणजे महिन्याला 2 लाख 40 हजार, वर्षाला 28 लाख 80 हजार. कॉलेजात 600 विद्यार्थी असतील तर डोई वर्षाला 4,800 रुपये. फक्त एका गेटचे. आता विचारा, ग्रामीण भागातलं कोणतं कॉलेज हे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून देणार? मार्गदर्शक तत्त्वांमध्ये या प्रश्नाचं उत्तर नाही. अनुदानाची व्यवस्था न लावता दिलेली सूचना आहे ती.

मग कॉलेजं काय करतात? दोन माणसं ठेवतात, बारा-बारा तासांची. सातही दिवस भरले तर एकेका माणसाचे आठवड्याला 84 तास. प्रश्नावलीत 'चोवीस तास सुरक्षा उपलब्ध आहे का?' याला उत्तर येतं 'होय', आणि ते खोटंही नसतं. पहाटे चारला तो माणूस कुठल्या अवस्थेत असतो, हे तुमच्या फॉर्मात विचारलेलंच नाही.

हा प्रश्न पोलिसांनाही चुकलेला नाही. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो एका शिपायानं मांडलेल्या आकडेमोडीवरून. नवी भरती, नवी यंत्रं यांच्या आधी त्यानं पाहिलं ते तासांचं वाटप. कॅम्पस-सुरक्षेवर लिहिणाऱ्यानं त्या शिपायाकडून पद्धतिशास्त्र शिकावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पैसा कुठून येतो, यावर माणूस ठरतो

संख्येनंतरचा प्रश्न : गेटवरचा माणूस कोणाचा? महाराष्ट्रात निदान चार उत्तरं संभवतात, आणि प्रत्येकामागची पैशाची वाट वेगळी आहे.

पहिलं, मंजूर आकृतिबंधातला कायम पहारेकरी. पगार शासनाच्या वेतन अनुदानातून. हे पद हळूहळू संपत चाललं आहे. अनुदानित माध्यमिक शाळांचं उदाहरण बघा. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं शिपाई-पहारेकरी वर्गातली पदं, आहेत ते कर्मचारी निवृत्त होतील तशी, रद्द करून त्या जागी ठोक 'शिपाई भत्ता' द्यायचं ठरलं. मुंबई-पुण्यात महिन्याला 10,000, ग्रामीण भागात 5,000 रुपये. पाच हजार भागिले तीस, म्हणजे दिवसाला 167 रुपये. एवढ्यात पणदऱ्यात दिवसभर उसाच्या फडात तरी कोणी येईल का? आणि गेटच्या कामाला आपल्याला चार माणसं लागतात, हे वर पाहिलंच.

दुसरं, सुरक्षा रक्षक मंडळाचा रक्षक. 1981 च्या महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक अधिनियमाखाली ही मंडळं आली. रक्षक मंडळाकडे नोंदलेला असतो, आस्थापना पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरते, त्यातून निधी, रजा, बोनस वगैरे मिळतं. माणसाच्या दृष्टीनं बरी व्यवस्था, संस्थेच्या दृष्टीनं महाग.

तिसरं, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान. 2010 च्या कायद्यानं हे महामंडळ उभं राहिलं. इथेही पैसे मागणाऱ्या संस्थेनंच भरायचे.

चौथं, आणि लहान कॉलेजांना सर्वात सोपं, खाजगी एजन्सी. 2005 चा केंद्रीय कायदा एजन्सीला परवाना सक्तीचा करतो. 2006 च्या नमुना नियमांत रक्षकाला 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. कागदावर. पण निविदा सर्वात कमी दराला जाते, आणि दर कमी करायला ठेकेदाराच्या हातात कापण्यासारखं दुसरं आहे काय? माणसाचा पगार आणि माणसाचं प्रशिक्षण, एवढंच.

यात 'पोलीस' कुठेच नाहीत. ते हवे असतील तर 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात अर्जदाराच्या खर्चानं जादा पोलीस नेमण्याची सोय आहे. पण ती प्रासंगिक बंदोबस्ताची वाट, रोजच्या गेटची नव्हे.

तेव्हा 'रक्षक किती?' या एका चौकटीत तुम्ही चार वेगवेगळ्या नोकऱ्या एकत्र मोजता. निवृत्तीला आलेला कायम पहारेकरी आणि ठेकेदार बदलला की घरी जाणारा पोरगा, दोघंही '1'. सांख्यिकीत याला एककाची चूक म्हणतात. गावात म्हणतात, गाढव-घोडा एका भावानं.

धोका गेटबाहेरून येतो, हे कोणी ठरवलं?

2015 च्या दस्तऐवजातलं सर्वात मोठं गृहीतक भिंतीत आहे. भिंत, तार, द्वार, नोंदवही. म्हणजे धोका बाहेर आणि अनोळखी.

दोन घटना बघू. 2024 च्या सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या विद्यार्थ्याचा खून झाला. संशयित तिथलेच अल्पवयीन विद्यार्थी होते. ओळखपत्र तपासणाऱ्याला तिथे अडवण्यासारखं काय होतं? जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित वसतिगृहातच अनेक वर्षं काम करणारा होता, त्याच्याकडे रखवालीचंही काम होतं. म्हणजे ज्याला 'सुरक्षा' या रकान्यात मोजलं असतं, तोच.

दोन घटनांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. पण गृहीतकावर प्रश्नचिन्ह लावायला दोन पुरतात.

आता पणदरे. बारामती-नीरा रस्त्यावरचं गाव. पदवीसाठी मुलं-मुली बारामतीला जातात, काही माळेगावला, काही सोमेश्वरनगरला. यातली बहुतेक कॉलेजात राहत नाहीत, ती *येतात-जातात*. सकाळची एसटी, स्टँडवरची गर्दी, स्टँड ते कॉलेज पायी, परतीची गाडी चुकली तर तासभर थांबणं. हंगामात माळेगाव आणि सोमेश्वर या दोन्ही कारखान्यांच्या उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यावर. हिवाळ्यात सहाला अंधार. या मुलीचा दिवस तुम्ही तासांनी मांडलात तर भीती वाटणारे बरेचसे तास भिंतीच्या बाहेर सापडतील. आणि सुरक्षेचा सगळा खर्च भिंतीवर.

गंमत म्हणजे यूजीसीलाच हे आधी कळलं होतं. 2013 मध्ये त्यांच्याच कृतिदलाचा 'सक्षम' अहवाल आला. कॅम्पसवरची महिलांची सुरक्षितता हा त्याचा विषय. त्यानं दिवे, वाहतूक, संवेदनशील कर्मचारी यांबद्दल लिहिलं आणि स्पष्ट बजावलं की सुरक्षेच्या नावाखाली अतिपाळत आणि मुलींच्या वावरावर बंधनं नकोत. दोन वर्षांत तीच संस्था काटेरी तारेवर आली. हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचणं हाच एक चांगला एम.फिल.च्या तोडीचा अभ्यास आहे. कोणी करत असेल तर जरूर करा.

कारण याची किंमत कोण देतं ते बघा. सुरक्षा म्हणजे भिंत, असं एकदा ठरलं की काही घडल्यावर पहिला उपाय म्हणजे भिंतीच्या आत लवकर या. आणि आमच्याकडे त्याच्या पुढची पायरी असते, 'एवढं लांब कशाला, घरूनच परीक्षा दे.' गेटच्या रजिस्टरमध्ये याची नोंद होत नाही. मुलगी यायची थांबली की कॉलेज आकडेवारीत उलट जास्त सुरक्षित दिसतं!

दुसरी बाजू

टीका करताना समोरच्याचं बळ मान्य करावं. 2015 च्या तत्त्वांनी निदान एक गोष्ट केली : सुरक्षा ही संस्थेची जबाबदारी आहे, पालकांची नव्हे, असं लेखी आणलं. महिला रक्षकाचा आग्रह योग्य आहे. सीसीटीव्हीही निरुपयोगी नाही, तपासात तो कामी येतो. माझं म्हणणं एवढंच, की कॅमेरा एकदा विकत घेता येतो म्हणून तो घेतला जातो. माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो म्हणून तो टळतो. एकदाचा खर्च आणि आवर्ती खर्च यांतला हा फरक आपल्या शोधनिबंधांत दिसत नाही.

बारामतीत 2024 च्या घटनांनंतर पोलिसांचं 'शक्ती अभियान' सुरू झालं. तक्रारपेट्या, हेल्पलाइन वगैरे. भिंतीबाहेर विचार गेला, हे चांगलं. पण संशोधक म्हणून तिथेही तोच प्रश्न विचारायचा : पेटी कोण उघडतं, आठवड्यातून किती वेळा, आणि त्या माणसाकडे आधीच किती कामं आहेत? आणि हो, पेटीतल्या तक्रारी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं लिहू नका. विश्वास वाढला असंही असू शकतं. दोन्ही शक्यता वेगळ्या करणारा पुरावा तुम्हाला गोळा करावा लागेल.

मग सिनॉप्सिस कसा लिहायचा?

1. एकक बदला. 'रक्षकसंख्या' नको, भरलेले पहारा-तास घ्या. महिन्याचा ड्युटी-तक्ता आणि हजेरीपट मागा. कुठली जागा, कुठल्या वेळी, कोण, सलग किती तास.

2. पैशाची वाट वेगळी चल म्हणून धरा. वेतन अनुदान, संस्थेचा निधी, मंडळ, महामंडळ, एजन्सी. निविदा आणि ताळेबंद माहिती अधिकारात मागता येतात. अनुदानित संस्थेनं नकार दिला तर अपील करा, कंटाळू नका.

3. नॅकसाठी कॉलेजांनी लिहिलेले स्वयं-मूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर मिळतात. त्यांत सुरक्षेचा परिच्छेद हमखास असतो. जरूर वाचा, पण तो श्रेणी मिळवण्यासाठी लिहिलेला मजकूर आहे, हे लक्षात ठेवून. दावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

4. परिसराची हद्द विद्यार्थ्याच्या दिवसावरून आखा. अमेरिकेत 1990 च्या क्लेरी कायद्यामुळे संस्थांना गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी जाहीर करावी लागते, आणि त्यात कॅम्पसला लागून असलेली सार्वजनिक जागाही मोजतात. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून हद्द तुम्हालाच ठरवावी लागेल. स्टँड ते गेट धरा, जमलं तर घर ते गेट.

5. रक्षकाशी बोला, पण त्याच्या साहेबासमोर नको, आणि नाव लिहू नका. ठेक्यावरचा माणूस तुमच्या प्रबंधापायी घरी बसला, तर तुमच्या नैतिक-मान्यतेच्या फॉर्मला काही अर्थ राहत नाही. मुलींशी बोलतानाही हेच. 'इथे भीती वाटते' हे वाक्य घरी पोचलं, तर तिचं कॉलेज बंद होऊ शकतं.

शेवटची शिफारस लिहायची वेळ येईल तेव्हा 'रक्षक वाढवावेत' एवढं लिहून थांबू नका. किती तास, कुठल्या जागी, कोणाच्या पैशातून आणि कोणाला जबाबदार, हे चार रकाने भरा. एखादा रकाना भरता आला नाही, तर तो रिकामा आहे असं स्पष्ट लिहा. व्हायव्हाला परीक्षक त्यावर बोट ठेवतील, ठेवू देत. त्या रिकाम्या रकान्याचीच कोणीतरी नीट नोंद करायला हवी आहे.

प्रश्न असतील तर खाली विचारा. ड्युटी-तक्ता आणि हजेरीपट ताडून पाहण्यासाठीचा नमुना तक्ता पुढच्या पोस्टमध्ये देतो.